भिशीचे साठ हजार आणि एव्हरेस्टचा पायथा

वाचकाचं पत्र, थोडक्यात

वय ४७. कोल्हापुरात एका शाळेत लिपिक. नवऱ्याचं शिरोलीला छोटं वर्कशॉप, मुलगी पुढच्या वर्षी इंजिनिअरिंगला जाईल. मी आणि माझ्या दोन मैत्रिणी रोज पहाटे रंकाळ्यावर चालतो. एक शिक्षिका आहे, दुसरी घरी शिवणकाम करते. पावसाळ्यात आम्ही पन्हाळा–पावनखिंड मोहीम पूर्ण केली आणि तेव्हापासून एव्हरेस्ट बेस कॅम्प डोक्यात बसला आहे. त्यासाठी तिघींनी वेगळी भिशी लावली. दिवाळीपर्यंत प्रत्येकीचे साठ हजार जमतील. एका मोठ्या कंपनीचा दर याच्या जवळजवळ दुप्पट आहे. व्हॉट्सॲपवर भेटलेला एक आयोजक बेचाळीस हजारांत, नऊ दिवसांत, काठमांडू ते काठमांडू करून देतो म्हणतो. विमान उतरतं त्या लुक्ला गावापासून बेस कॅम्पपर्यंत सलग सहा दिवस चढायचं, मग तीन दिवसांत परत. सगळे पैसे आठवड्याभरात भरायचे आहेत. भाचा म्हणतो, "वाट मळलेली आहे, मोबाईलवर नकाशा आहे, गाईड आणि पोर्टरचे पैसे वाचव." घरी यांना 'मैत्रिणींबरोबर नेपाळला जातेय' एवढंच सांगितलं आहे. उंचीचं आणि खर्चाचं बोललेले नाही. मुलीच्या फीच्या तोंडावर हा खर्च करणं बरं वाटत नाही, आणि आता नाही गेले तर कधीच जाणार नाही हेही कळतं. पैसे भरू का?

उत्तर

प्रिय ताई,

या आयोजकाला पैसे भरू नका. तुम्हाला घाई आहे म्हणून हे आधीच सांगून टाकते. का, ते पुढे सविस्तर लिहिते. पण त्याचा अर्थ 'जाऊ नका' असा अजिबात घेऊ नका. तुम्ही जायला हवं असं मला मनापासून वाटतं.

आधी त्या नऊ दिवसांच्या बेताकडे बघू. लुक्ला साधारण २,८६० मीटरवर आहे. दुसऱ्या दिवशी तुम्ही नामचे बाजारला पोचता, ते ३,४४०. तिसऱ्या दिवशी तेंगबोचे ३,८६०, चौथ्या दिवशी दिंगबोचे ४,४१०, पाचव्या दिवशी लोबुचे ४,९४०, आणि सहाव्या दिवशी बेस कॅम्प ५,३६४ मीटर. उंचीच्या आजारावर काम करणारे डॉक्टर सांगतात की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा रोज ५०० मीटरपेक्षा जास्त वर सरकवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी. या बेतात दोन मुक्काम ५०० च्या वर उडी मारतात आणि थांबण्याचा दिवस एकही नाही. व्यवस्थित आखलेल्या ट्रेकमध्ये नामचेला एक आणि दिंगबोचेला एक असे दोन दिवस शरीराला सवय व्हावी म्हणून ठेवलेले असतात. बेचाळीस हजारांचा दर याच दोन दिवसांतून निघालेला आहे. ज्या दिवसांवर तुमची सुरक्षितता उभी आहे, तेच त्यानं कापले.

तुमच्या पायांत बळ आहे याबद्दल मला शंका नाही. आषाढातला चिखल, मसाई पठारावरचा वारा, करपेवाडीच्या पुढची ओढ्यांची वाट हे सगळं ज्यांनी चालून काढलं त्यांना चालायचं कसं हे शिकवावं लागत नाही. मात्र पन्हाळा–पावनखिंड ही अंतराची आणि पावसाची परीक्षा आहे, उंचीची नाही. कोल्हापूर साधारण साडेपाचशे मीटरवर वसलेलं. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर कळसूबाई, तेही १,६४६ मीटर. म्हणजे विरळ हवेत आपलं शरीर कसं वागेल हे आपल्या राज्यात राहून कुणालाच कळणार नाही, मग तो रोज पन्हाळा चढणारा असो. बेस कॅम्पच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तिथे दमदार तरुण पडतात आणि सावकाश चालणारी साठीची बाई ठणठणीत राहते, असं नेहमी घडतं. तिघीही पहिल्यांदाच एवढ्या उंचीवर जाणार आहात, तर पहिल्याच खेपेला साडेपाच हजार मीटर गाठायला निघू नये असं माझं ठाम मत आहे.

आता एक प्रश्न विचारते, राग मानू नका. तुम्हाला एव्हरेस्टच का हवं आहे? पत्रात तुम्ही पावनखिंडीबद्दल लिहिलं आहे ते मी पुन्हा वाचलं. त्यात कुठल्या जागेला पोचल्याचा आनंद कमी आणि दोन दिवस तिघी एकत्र चाललात, कुणासाठी स्वयंपाक करावा लागला नाही, रात्री अंग दुखत असतानाही गप्पा मारल्यात याचा आनंद जास्त आहे. हेच आणखी आठ-दहा दिवस, हिमालयात हवं असेल, तर त्यासाठी बेस कॅम्पचं नाव एव्हरेस्ट असायलाच हवं असं नाही. दुसरं म्हणजे, एव्हरेस्ट बेस कॅम्पवरून एव्हरेस्टचं शिखर दिसत नाही. ते नीट बघायला साडेपाच हजार मीटरच्या काला पत्थरवर चढावं लागतं, तेही बहुतेक जण पहाटेच्या थंडीत चढतात. हे कळल्यावरही मन तिथेच ओढ घेत असेल तर ती इच्छा खरी आहे, तिचा मान ठेवा. भिशी आणखी वर्ष-दीड वर्ष चालवा आणि तेरा-चौदा दिवसांच्या नीट बेतानं जा. साठ हजारांत ते बसवायचा हट्ट तेवढा सोडा. लुक्लाचं विमान, वर वर चढत जाणारे जेवणाचे दर आणि जादाचे दिवस यांत ते बसत नाही.

यंदाच जायचं असेल तर माझं मत अन्नपूर्णा बेस कॅम्पला. उंची ४,१३० मीटर. विमान लागत नाही. पुणे किंवा मुंबईहून रेल्वेनं गोरखपूर, तिथून बसनं अडीच-तीन तासांत सोनौलीची सीमा, पलीकडे भैरहवाहून बसनं पोखरा. प्रवास लांबचा आणि कंटाळवाणा आहे, पण पैसे इथेच वाचतात, आणि इथे वाचवलेल्या पैशांची किंमत तब्येतीला मोजावी लागत नाही. वाट मोदी खोला नदीच्या खोऱ्यातून जाते. घांद्रुक, चोमरोंग, बांबू, देउराली अशी गावं आणि लॉज, शेवटी चहूबाजूंनी शिखरांनी वेढलेलं खोरं. समोर ८,०९१ मीटरचं अन्नपूर्णा. आठ हजार मीटरवरच्या शिखरांपैकी माणसानं सगळ्यात आधी सर केलेलं हेच, १९५० साली, एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधी. शेजारी माछापुछ्रे. ते स्थानिकांचं पवित्र शिखर, त्यावर चढाईला बंदी आहे. इथे जाणं म्हणजे दुय्यम काहीतरी पदरात पाडून घेणं असं वाटायचं कारण नाही.

इथेही एक ठिकाण जपा. बरेच आयोजक देउराली, म्हणजे साधारण ३,२०० मीटर, इथून एका दिवसात थेट बेस कॅम्पवर मुक्कामाला नेतात. एका दमात नऊशे मीटर! तुम्ही आग्रह धरा की मधल्या माछापुछ्रे बेस कॅम्पला, ३,७०० मीटरवर, एक रात्र काढायची. दुसऱ्या दिवशी सकाळी वर जा, डोळे भरून बघा आणि डोकं दुखत असेल तर दुपारी खाली उतरून झोपा. एका रात्रीचा हा खर्च वाचवू नका. देउराली ते माछापुछ्रे बेस कॅम्पच्या टप्प्यात हिमलोटांचा धोका असतो. जानेवारी २०२० मध्ये देउरालीजवळ हिमलोटात परदेशी ट्रेकर आणि त्यांच्याबरोबरची नेपाळी माणसं गेली. दिवाळीनंतरच्या दिवसांत हवा बहुधा निवळलेली असते, तरी ताजा बर्फ पडला असेल तर हा टप्पा कधी ओलांडायचा आणि कधी थांबायचं हे तिथल्या माणसालाच कळतं.

यावरून तुमच्या भाच्याच्या सल्ल्याकडे येते. वाट मळलेली आहे हे त्याचं खरं आहे. लॉज आहेत, पाट्या आहेत, हंगामात माणसांची रांग असते. पण गाईड वाट दाखवण्यासाठी लागतो हा समज सोडायला हवा. चुकीच्या दिवशी पुढे जाऊ न देणं, हे त्याचं खरं काम. ऑक्टोबर २०१४ मध्ये, ऐन हंगामात, हुदहुद चक्रीवादळाच्या शेपटानं अन्नपूर्णा परिक्रमेच्या थोरांग ला खिंडीच्या परिसरात बर्फाचं वादळ झालं आणि चाळीसहून अधिक माणसं दगावली. वाट तीच होती, मळलेलीच. मोबाईलमधला नकाशा आभाळाकडे बघून "आज नको" म्हणत नाही. आणि तुमच्यापुरता हा प्रश्न नियमानंही सुटलेला आहे. नेपाळनं १ एप्रिल २०२३ पासून परदेशी ट्रेकर्सना परवानाधारक गाईड बंधनकारक केला आहे. एव्हरेस्टच्या खुंबू भागात तिथल्या पालिकेनं तो लागू केला नाही, अन्नपूर्णा भागात तो धरून चालायचं.

शिवाय गाईडचा रोज तिघींत वाटला जातो, हे भाच्यानं धरलेलं दिसत नाही. हिशेब मांडून बघू. हे आकडे मी ढोबळ धरले आहेत, तुम्ही ताजे दर विचारून बदला. गाईडचा रोज तीन हजार रुपये धरला तर दहा दिवसांचे तीस हजार, प्रत्येकी दहा. तिघींत एक पोर्टर, रोज दोन हजार, म्हणजे प्रत्येकी सहा-सात हजार. डोंगरातलं राहणं-खाणं दिवसाला अडीच हजार, दहा दिवसांचे पंचवीस. येण्या-जाण्याची रेल्वे आणि बस सहा हजार. पोखऱ्यातल्या रात्री आणि परमिट मिळून सहा हजार. बेरीज चौपन्नच्या आसपास जाते. विमा, भाड्याचं जॅकेट आणि शेवटी गाईड-पोर्टरला द्यायची बक्षिशी धरली की साठ. म्हणजे साठात बसतं, पण अडीअडचणीला हातात काही उरत नाही. म्हणून माझा आग्रह आहे की प्रत्येकीनं आणखी दहा हजार वेगळे ठेवावेत आणि ते खर्च होणार नाहीत असं समजूनच निघावं. एखादा दिवस पावसानं अडकलात, एखादीला जीपनं खाली आणावं लागलं, तर हेच पैसे तुम्हाला योग्य निर्णय घेऊ देतील. हातात पैसे नसले की माणूस डोकं दुखत असतानाही पुढे चालत राहतो.

खर्च कमी करायच्या जागा वेगळ्या आहेत. बाटलीबंद पाणी घेऊ नका. वर त्याची किंमत वाढत जाते आणि प्लास्टिक तिथेच पडतं. क्लोरीनच्या गोळ्या किंवा फिल्टर न्या. मोबाईल चार्जिंग, गरम पाण्याची अंघोळ, वायफाय यांचे वेगळे पैसे लागतात, तेव्हा एक पॉवर बँक तिघींत पुरवा. डाळभात मागवलात तर बहुतेक ठिकाणी पुन्हा वाढतात. पिझ्झा आणि नूडल्समध्ये पैसे घालवू नका. घरची कांदा-लसूण चटणी डबीत न्या, दहा दिवस डाळभात आनंदानं खाल. मटणाचा विचार पोखऱ्यात परतल्यावर करा. चोमरोंगच्या पुढे खोऱ्यात मांस न नेण्याची स्थानिक प्रथा आहे, ती पाळा. पिसांचं जॅकेट आणि स्लीपिंग बॅग पोखऱ्यात भाड्यानं मिळते, विकत घेऊ नका. बूट मात्र स्वतःचे, आणि आत्ताच घ्या. या पावसाळ्यात ते पायात मुरले पाहिजेत.

लॉजमध्ये खोली स्वस्त असते, कारण मालकाची कमाई जेवणावर होते. जिथे झोपाल तिथेच रात्रीचं आणि सकाळचं जेवा. बाहेरून आणलेल्या खाकऱ्यांवर रात्र काढून खोलीचं भाडं पाडून मागणं बरं नव्हे.

पोर्टरबद्दल जरा थांबून सांगते, कारण स्वस्त ट्रेकमध्ये सगळ्यात आधी त्याच्याच पोटावर पाय येतो. तिघींचं मिळून ओझं वीस किलोच्या आत ठेवा. दोन जोड कपडे, एक गरम थर, पावसाचा थर, एवढंच पुरतं. आयोजकाला विचारा की पोर्टरला रोजचे किती मिळतात, त्याचा विमा आहे का, त्याच्याकडे बर्फात घालायचे बूट आणि जॅकेट आहे का, आणि तो आजारी पडला तर त्याला खाली कोण नेणार. गुळमुळीत उत्तर देणारा आयोजक तुमच्या बाबतीतही तसाच वागेल. दर दोन-तीन हजारांनी जास्त असेल आणि ही उत्तरं सरळ मिळत असतील, तर तो दर महाग समजू नका. आणि बायकाच निघालात म्हणून आणखी एक सांगते. पोखऱ्यात बायकांना गाईडचं प्रशिक्षण देणाऱ्या संस्था आहेत, बाई गाईड मिळते. तुमच्या घरच्यांनाही त्यानं धीर येईल.

हे सगळं वाचून सत्तर हजारही डोंगराएवढे वाटत असतील, किंवा शिवणकाम करणाऱ्या मैत्रिणीला ते झेपणार नसतील (तिचा विचार तुम्ही करतच असाल, तरी मोकळेपणानं विचारा, ती आपणहून बोलणार नाही), तर संदकफू बघा. दार्जिलिंगजवळ, सिंगालिला राष्ट्रीय उद्यानातून जाणारी वाट, उंची ३,६३६ मीटर. पाच-सहा दिवस. देश सोडायचा नाही, स्थानिक गाईड तिथेही घ्यावा लागतो. हवा स्वच्छ असली तर एकीकडे कांचनजंगा आणि दुसरीकडे ल्होत्से, मकालू यांच्यासह एव्हरेस्ट दिसतं. ज्यांना एव्हरेस्ट डोळ्यांनी बघायचं आहे त्यांच्यासाठी माझ्या माहितीत याहून परवडणारी पायवाट नाही. उत्तर भारतात काही करायचं असेल तर यूथ हॉस्टेल्स असोसिएशनचे हिमाचलमधले ट्रेक कमी खर्चात होतात. त्यांच्या तुकड्या मोठ्या असतात आणि राहणं तंबूत असतं. तुम्हाला तिघींचाच निवांत वेळ हवा आहे, म्हणून मी ते दुसऱ्या क्रमांकावर ठेवीन.

निघण्याआधी तिघींनी एकदा बसून एक गोष्ट ठरवा. एकीला त्रास झाला तर काय? गाईड एकच असेल आणि तो आजारी मैत्रिणीला घेऊन खाली गेला तर उरलेल्या दोघींनी थांबायचं की परतायचं? गाईड आणि पोर्टर अशी दोन माणसं बरोबर असली तर एक जण खाली जाऊ शकतो. ही सोय सुद्धा पोर्टरच्या पैशांत येते. तरी आधीच बोलून घ्या, कारण वर गेल्यावर जिला त्रास होतो ती 'माझ्यामुळे तुमचं राहू नये' म्हणून लपवते. बायकांना ही सवय घरात लागलेली असते आणि ४,००० मीटरवर ती जिवावर बेतू शकते. डोकेदुखी, मळमळ, भूक मरणं ही आजाराची सुरुवात. ती जाईपर्यंत वर चढायचं नाही. सरळ रेषेत चालता न येणं, बोलण्यात गोंधळ, बसल्या जागी धाप लागणं ही लक्षणं दिसली तर लगेच खाली, रात्र असली तरी. रोज संध्याकाळी एकमेकींना खरं विचारायचं आणि खरं सांगायचं, हे ठरवूनच निघा.

डॉक्टरांना आत्ताच भेटा. रक्तदाब, साखर, हिमोग्लोबिन तपासा. उंचीचा त्रास टाळण्यासाठी घेतात त्या डायमॉक्सच्या गोळ्यांबद्दल त्यांनाच विचारा, मैत्रिणीनं घेतली म्हणून घेऊ नका. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर ते आवर्जून सांगायचं. उंचीवर पाळीचं वेळापत्रक बिघडू शकतं. संपली असं वाटत असेल तरी पॅड न्या, आणि वापरलेले पिशवीत घालून खाली आणा.

रंकाळ्याची फेरी चालू ठेवा, पण ती सपाटीवरची आहे. चोमरोंगच्या परिसरात दगडी पायऱ्यांना अंत नाही, आणि छातीच्या आधी गुडघे बोलतात, तेही उतरताना. म्हणून दर रविवारी पायथ्यापासून पन्हाळा किंवा जोतिबाच्या पायऱ्या, पाठीवर पाच-सहा किलोची बॅग घेऊन. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार सलग चाला, कारण ट्रेकमध्ये खरा कस दुसऱ्या दिवशी सकाळी लागतो. काठी वापरायची सवय इथूनच करा.

आता घरचं. मुलीची फी आणि हा खर्च एकमेकांत अडकले आहेत असं तुम्ही लिहिलं आहे. खरंच अडकले आहेत का, हे कागदावर बघा. तुमचे साठ-सत्तर हजार नसतील तर तिचा प्रवेश अडणार असेल, तर एक वर्ष थांबा, डोंगर तिथेच आहे. तसं नसेल, आणि पत्रावरून मला तसं वाटत नाही, तर तुम्हाला जे टोचतंय ते फीचं नाही. स्वतःसाठी एवढी रक्कम आजवर कधी खर्च केली नाही, म्हणून ते टोचतंय. पगारातून बाजूला काढलेली भिशी तुमची आहे. ती मुलीच्या तोंडचा घास काढून जमवलेली नाही. आईनं स्वतःसाठी ठरवून, पैसे साठवून, सराव करून काही केलं, हे त्या मुलीनं अठराव्या वर्षी बघणं मला चांगलंच वाटतं.

पण यजमानांपासून लपवून जाऊ नका. यात परवानगीचा प्रश्न नाही. वर काही झालं तर फोन त्यांनाच जाणार आहे, आणि त्या क्षणी त्यांना तुम्ही कुठे आहात, गाईड कोण, विमा कुठला हे माहीत असलं पाहिजे. त्यांचं वर्कशॉप आहे म्हणता, म्हणजे कोटेशन वाचणं हा त्यांचा रोजचा व्यवहार. दोन-तीन आयोजकांची कोटेशनं त्यांच्यासमोर ठेवा आणि विचारा, यात काय लपवलंय बघा. कशात काय धरलंय, काय नाही, ॲडव्हान्स किती, रद्द केलं तर परत किती, हे ते तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर पकडतील. 'नको' म्हणायला आलेला माणूस अशा कामात गुंतला की बरेचदा सोबत उभा राहतो. नाहीच राहिले तरी माहिती त्यांच्याकडे असेल.

विम्याचं कोटेशनही त्यांनाच वाचायला द्या. अनेक प्रवास-विम्यांत ट्रेकिंग धरलेलं नसतं किंवा उंचीची मर्यादा असते. ४,१३० मीटर आणि हेलिकॉप्टर दोन्ही त्यात आहेत हे लेखी घ्या. गरज नसताना हेलिकॉप्टर बोलावून विमा कंपनीला बिल लावण्याचे प्रकार नेपाळात झाले आहेत. २०१८ मध्ये तिथल्या सरकारनं त्याची चौकशीही केली. जिवावरचा प्रसंग नसेल तर आधी विमा कंपनीला तुम्ही स्वतः फोन करा.

दिवसांचं असं जमवा. दिवाळी घरी करा आणि भाऊबीज झाली की निघा. नेपाळातही तेव्हा तिहार असतो, त्यांची भाईटीका आपल्या भाऊबीजेलाच येते, आणि गाईड-पोर्टर घरी गेलेले असतात. सण आटोपल्यावर तेही मोकळे आणि तुम्हीही. प्रवास, एक राखीव दिवस आणि ट्रेक मिळून सतरा-अठरा दिवस लागतील. तुमच्याकडे अर्जित रजा असेल, पण शिक्षिका मैत्रिणीची सुट्टी शेवटी कमी पडेल. तिनं शाळेत अर्ज आत्ताच द्यावा. थंडी वाढलेली असेल, आकाश मात्र स्वच्छ असण्याची शक्यता चांगली.

ओळखीसाठी पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र न्या, आधार कार्डावर विसंबू नका. मैत्रिणींकडे दोन्हीपैकी काही आहे का ते आजच विचारा, पासपोर्टला वेळ लागतो. नेपाळी रुपयाचा दर ठरलेला आहे, आपल्या शंभराचे त्यांचे एकशे साठ. पोखरा सोडताना पुरेशी नेपाळी रोकड घ्या, वर एटीएमचा भरवसा नाही.

त्या व्हॉट्सॲपवाल्याला आज एवढंच लिहा की थांबण्याचे दोन दिवस धरून, गाईडचा परवाना आणि पोर्टरचा विमा जोडून नवा दर पाठवा. उत्तर आलं तर वाचा, नाही आलं तर पैसे वाचले. आणि गोरखपूरच्या गाड्या दिवाळी आणि छठपूजेच्या दिवसांत तुडुंब असतात. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवसापासून उलटं मोजून ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा, आणि त्या सकाळी तिघींपैकी एकीनं आठच्या ठोक्याला जाण्याचं तिकीट काढायचंच. परतीचं आरक्षण वेगळ्या तारखेला उघडेल, तीही शेजारी लिहा.